कर्करोगातला थकवा: आधार-उपचाराची आखणी कशी करावी

किमो, रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार घेणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी थकवा गाठतोच. तो 'येणारच' असं सगळ्यांनी धरून चालल्यामुळे फाइलमध्ये त्याची नोंदही होत नाही. रुग्ण बोलत नाही, कारण थकवा सांगितला तर उपचार कमी करतील किंवा आजार वाढलाय असं निघेल, अशी त्याला धास्ती असते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण लिहून द्यायला खात्रीची गोळी नसते. घरची माणसं काळजीपोटी 'पडून राहा' म्हणतात, आणि पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, झोप बिघडते, थकवा वाढतो.

हे चक्र तोडता येतं. कारणं शोधायची, हालचालीचा डोस औषधासारखा मोजून ठरवायचा, झोपेला शिस्त लावायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. यातलं काहीच अवघड नाही, पण क्रम चुकला किंवा उजळणी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. डे-केअर, ओपीडी किंवा वॉर्डमध्ये अशी सेवा उभी करू पाहणारे डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक यांच्यासाठी ही मांडणी आहे. रुग्णाच्या घरच्यांनाही यातलं बरंच वापरता येईल.

विचारायचं कसं

साधी दमणूक कामाच्या प्रमाणात असते आणि झोपल्यावर जाते. कर्करोगातला थकवा केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि रात्रभर झोपूनही उतरत नाही. तो शरीरापुरता राहत नाही. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, फोनवर बोलणंही नकोसं होतं. रुग्ण त्याला 'थकवा' म्हणेलच असं नाही. 'अंगात त्राण नाही', 'गळून गेल्यासारखं होतं', 'पाय उचलत नाहीत' अशी वाक्यं आली की तीच नोंद समजा.

'थकवा वाटतो का?' या प्रश्नाला बहुतेक जण 'चालायचंच' म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा: 'गेल्या सात दिवसांत थकवा साधारण किती होता? ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही.' १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. आकडा सांगणं ज्यांना जमत नाही त्यांना कामांवरून विचारा: अंघोळ एका दमात होते का? दुपारपर्यंत किती वेळा आडवं व्हावं लागतं? आवडीचं कोणतं काम सुटलं?

हा प्रश्न वजन आणि रक्तदाब घेणाऱ्या व्यक्तीनेच विचारावा आणि आकडा त्याच रकान्यांशेजारी लिहावा. वेगळा फॉर्म केला की दोन महिन्यांत तो भरायचा बंद होतो.

इथे एक चूक हमखास होते. आकडा नेहमी किमोच्या दिवशी सकाळी विचारला जातो, आणि पुढच्या डोसच्या आदला दिवस हा सायकलमधला (एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या काळातला) सगळ्यात बरा दिवस असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी २ किंवा ३ लिहिलं जातं आणि मधले आठ वाईट दिवस कागदावर येतच नाहीत. म्हणून जोडीला आणखी दोन गोष्टी विचारा: मागच्या डोसनंतर सगळ्यात वाईट दिवस कितवा होता, आणि त्या दिवशी आकडा किती होता.

३ पर्यंत असेल तर थकवा का येतो ते समजावून सांगा, चालणं सुरू करून द्या आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. ४ किंवा जास्त असेल तर खालची पूर्ण तपासणी करा. ७ किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहावं. आकडा काहीही असो, काही लक्षणांना थकव्याच्या खात्यात टाकून थांबायचं नाही: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, अचानक गोंधळलेपण, पायांत नव्याने आलेली कमजोरी किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, काळी शौच, उभं राहताच घेरी. या रुग्णांना थेट तातडीच्या विभागात न्या.

आधी दुरुस्त होण्यासारखं शोधा

व्यायाम आणि समुपदेशनाकडे जाण्याआधी ज्या कारणांवर सरळ उपाय आहे ती निकालात काढायची. हिमोग्लोबिन ७ असलेल्या माणसाला चालायचं वेळापत्रक देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रक्ताच्या तपासण्यांची पहिली फेरी अशी: पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरासाठी फिरणारं लोह), बी-१२, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, साखर, आणि थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४. कर्करोगात दाहामुळे फेरिटिन फुगलेलं दिसतं, त्यामुळे एरवीची कमाल-किमान मर्यादा इथे फसवते. फेरिटिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरतात. ते १०० च्या वर असूनही सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह शरीरात आहे पण वापरात येत नाही. अशा वेळी तोंडावाटे गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून लोह देण्याचा विचार होतो.

इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) घेणाऱ्यांच्या बाबतीत थोडं थांबा. चेकपॉइंट इनहिबिटर या त्यातल्या औषधांनी थायरॉइड, मेंदूच्या तळाची पिट्युटरी किंवा मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडू शकते, आणि त्याचं पहिलं लक्षण कित्येकदा नुसता थकवा असतो. पिट्युटरी बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि फ्री टी-४ मात्र खाली असतं. फक्त टीएसएच पाठवलं तर हा रुग्ण हातातून निसटतो. म्हणून दोन्ही पाठवा, आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनलचं हार्मोन) हेही. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाले तर आधी कॉर्टिसोलची जागा घेणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायचं, थायरॉइडची गोळी त्यानंतर. क्रम उलटा झाला तर रुग्ण अ‍ॅड्रिनल क्रायसिसमध्ये (कॉर्टिसोल एकदम अपुरं पडल्याने येणाऱ्या संकटात) जाऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. नुसती यादी विचारू नका, कारण झोपेची गोळी आणि सर्दीची गोळी यादीत येत नाहीत. गुंगी आणणारी नेहमीची मंडळी म्हणजे मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन, उलटीसाठी दिलेलं ओलान्झापिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या आणि झोपेसाठी कुणीतरी सुरू करून दिलेलं अल्प्राझोलम. यातली दोन-तीन एकत्र असतील तर थकव्याचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं. सगळी एकदम बंद करू नका. डोस रात्रीकडे सरकवणं, एक कमी करून आठवडाभर पाहणं, असं चालू द्या. प्रीगॅबालिन किंवा अल्प्राझोलम अचानक तोडलं तर वेगळाच त्रास उभा राहतो. बीटा ब्लॉकरमुळे (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांमुळे) नाडी फार मंद होत नाहीये ना, तेही पाहा.

शिवाय वेदना, धाप, उलट्या, जुलाब, दडपून ठेवलेली चिंता, हृदय किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार आणि दारू यांबद्दल विचारा. वेदना आटोक्यात नसेल तर थकव्यावरचा कोणताही कार्यक्रम टिकत नाही. आधी वेदना.

नैराश्य तपासताना एक अडचण येते. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत थकवा, झोप, भूक यांवरही प्रश्न आहेत, आणि किमो घेणाऱ्याला तिथे गुण मिळतातच. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर ते कोणत्या प्रश्नांतून आले ते बघा. 'कशातच रस वाटत नाही', 'मी सगळ्यांना ओझं झालोय', 'जगण्यात अर्थ नाही' यांतून आले असतील तर नैराश्यावर उपचार हवेत. आत्महत्येच्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं तर त्याच भेटीत बोला. शारीरिक लक्षणं बाजूला ठेवणारी हॅड्स ही चिंता-नैराश्याची १४ प्रश्नांची मोजपट्टी इथे जास्त सोयीची पडते. थकलेल्या माणसाला बहुधा करावंसं वाटतं पण झेपत नाही. नैराश्यात करावंसंच वाटत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

हालचालीचा डोस

ज्याला उठवत नाही त्याला चालायला सांगणं क्रूर वाटतं, ही भावना खरी आहे. तरीही आजवर सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाच्या बाजूने आहे. २०१७ साली ११३ अभ्यास आणि ११,५२५ रुग्ण एकत्र करून केलेल्या विश्लेषणात व्यायाम आणि मानसोपचार या दोन्हींनी थकवा कमी केला. औषधांना ते जमलं नाही. फक्त 'थोडं चालत जा' हा डोस नव्हे. गोळीसारखंच इथेही किती, कधी, किती जोरात आणि किती दिवस ते लिहून द्यावं लागतं.

गाठायचं ठिकाण: आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटं मध्यम जोराचं चालणं किंवा सायकल, आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकी १२ ते १५ आवर्तनांचे दोन संच. किमान १२ आठवडे. 'मध्यम जोर' ओळखायला नाडी मोजायची गरज नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. ० ते १० च्या पट्टीवर श्रम ३ ते ४ वाटले पाहिजेत.

सुरुवात मात्र तिथून करायची नाही. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं आणि ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, हे मोजून ठेवा. न थांबता आठ मिनिटं चालता येत असेल तर पहिल्या आठवड्याचा डोस चार-पाच मिनिटांचा, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला १० ते २० टक्के वाढ. व्यायामानंतर तासाभरात थकवा मूळ पातळीवर आला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही अंग जड राहिलं तर डोस जास्त झाला, तो निम्मा करा, पण बंद करू नका.

ताकदीसाठी चार व्यायाम पुरतात: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणं, आणि रबरी पट्टा मागे खेचणं. आधी ८ आवर्तनांचा एकच संच. १२ ते १५ सहज होऊ लागले की दुसरा संच, त्यानंतर जाड पट्टा.

दर तीन आठवड्यांनी मिळणाऱ्या किमोचं वेळापत्रक जवळून पाहू. समजा पहिल्या तीन दिवशी डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आहे. त्या दिवसांत खोटी तरतरी असते, रात्री झोप नसते, आणि तरतरीच्या भरात माणूस साठलेली सगळी कामं काढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास स्टेरॉइड उतरतं आणि एकदम गळाठा येतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांना मुद्दाम मर्यादा घाला: २० मिनिटं चालणं, बस. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. ताकदीचे व्यायाम या दिवसांत नाहीत. सातव्यापासून दहा मिनिटं दोनदा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा गर्दीची व्यायामशाळा आणि तलाव टाळा, मोकळ्या हवेत चाला. पंधराव्यापासून पुढच्या डोसपर्यंत पूर्ण डोस, ताकदीचे दोन दिवस धरून. दुसऱ्या सायकलला रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींवरून हे दिवस मागे-पुढे सरकवा, कारण प्रत्येकाचा गळाठा त्याच दिवशी येत नाही.

रेडिएशनमध्ये थकवा हळूहळू चढतो. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, उपचार संपत येताना तो शिखरावर असतो आणि नंतर काही आठवडे ते काही महिन्यांत ओसरतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात, बरं वाटत असताना, चालण्याची सवय लावून घ्यावी. पाचव्या आठवड्यात नव्याने सुरू करणं फार जड जातं. आणि 'उपचार संपले, आता लगेच बरं वाटेल' अशी आशा दाखवू नका. शेवटच्या सेशननंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट जाऊ शकतात, हे आधी सांगितलं असेल तर रुग्ण घाबरत नाही.

कधी थांबायचं: ताप, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, नवी धाप किंवा छातीत धडधड, सततच्या उलट्या-जुलाब. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजनं आणि पडण्याचा धोका असलेले प्रकार बंद. २०,००० च्या खाली असतील तर फक्त खोलीतली हलकी हालचाल, तीही डॉक्टरांना विचारून. हाडांत गाठी पसरल्या असतील तर कोणत्या हाडात आहेत ते कळल्याशिवाय ताकदीचा व्यायाम द्यायचा नाही. कण्यात असतील तर वाकणं, पिळणं आणि उड्या पूर्ण वर्ज्य. तळपाय बधिर असतील तर चालण्याऐवजी स्थिर सायकल. हृदयावर परिणाम करणारी औषधं, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब, घेतलेल्यांचा ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून घ्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज आहे म्हणून तो हात कायम जपत बसणं मात्र चुकीचं आहे. फिजिओच्या देखरेखीखाली अगदी कमी वजनापासून हळूहळू वाढवलं तर ताकदीचा व्यायाम सुरक्षित असतो.

योग, तसंच ताई ची आणि छिगोंग या संथ चिनी व्यायामपद्धतींचाही उपयोग दिसला आहे. ज्यांना चालणं कंटाळवाणं वाटतं त्यांना हे मार्ग द्या. १२ आठवडे टिकेल तो व्यायाम चांगला.

दिवसाची शक्ती वाटून घेणं

सात दिवस दर दोन तासांनी काय केलं आणि थकव्याचा आकडा किती, एवढीच नोंद करायला सांगा. बहुतेकांच्या वहीत एकच चित्र दिसतं: एका चांगल्या दिवशी सगळी कामं उरकली, आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. वाईट दिवस सोसवत नाहीत म्हणून सगळे त्यावर उपाय मागतात, पण बांध चांगल्या दिवसाला घालावा लागतो.

काम संपेपर्यंत ओढायचं नाही, घड्याळावर थांबायचं. वीस मिनिटांनी दहा मिनिटं बसायचं, दमलेलं नसलं तरी. दिवसातला ताजा काळ कोणता ते वहीवरून शोधायचं, बहुधा तो सकाळचा असतो, आणि तिथे स्वतःला महत्त्वाचं वाटणारं एक काम ठेवायचं. बाकीच्या कामांची तीन भागांत वाटणी: मी करणार, दुसऱ्याला सांगणार, सोडून देणार. तिसरा भाग रिकामा राहिला तर यादी पुन्हा करा. अंघोळ आणि स्वयंपाक बसून करायचा, रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणायच्या, जिन्याच्या फेऱ्या एकत्र करायच्या.

घरच्यांशी या टप्प्यावर वेगळं बोला. ते दोन टोकांना जातात. काही जण ग्लासही उचलू देत नाहीत, काहींना वाटतं हा आळस आहे. दोघांनाही वही दाखवा आणि कोणतं काम रुग्णाचं, कोणतं त्यांचं, हे ठरवून घ्या.

झोप

दिवसभर अंथरुणात असलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, मग सकाळी उठवत नाही, मग तो पुन्हा दिवसा झोपतो. इथे सुरुवात सकाळी करायची. उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली असली तरी. उठल्यावर अर्धा तास उजेडात. बाहेर जाणं शक्य नसेल तर १०,००० लक्सचा प्रकाशदिवा समोर थोडा बाजूला ठेवून वापरता येतो, मात्र डोळ्यांचा आजार, बायपोलर आजार किंवा त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधं असतील तर आधी विचारा. दुपारची झोप २० ते ३० मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत.

रात्री वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, डोळे मिटू लागले की परत यायचं. अंथरुणात फोन, हिशेब, काळजी काही नाही. रोज आठ-नऊ तास पडून राहूनही जेमतेम सहा तास झोप होत असेल, तर पडून राहायचा वेळच सहा तासांवर आणायचा आणि पडलेल्या वेळातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. पहिला आठवडा त्रासदायक असतो, त्या काळात गाडी चालवू नये. फिट्स येणाऱ्यांना आणि बायपोलर आजार असलेल्यांना ही पद्धत देऊ नका. बाकीच्यांतही साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका.

वॉर्डमधली एक साधी दुरुस्ती: डेक्सामेथासोनचा दुसरा डोस रात्री आठला देण्याऐवजी दुपारी दोनच्या आत द्या, लघवीची गोळी सकाळी द्या. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर स्लीप अ‍ॅपनियाची तपासणी करा. हार्मोनच्या उपचारांनी रात्री घाम फुटून जाग येत असेल तर त्यावर वेगळा उपाय करा, झोपेची गोळी त्याला उत्तर नाही.

मनाची बाजू आणि खाणं

उपचार संपून वर्ष झालं, तपासण्या स्वच्छ आहेत, तरी थकवा जात नाही, असे रुग्ण थोडेथोडके नसतात. त्यांच्यासाठी विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत उपयोगी ठरते. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या गटाने २००६ साली मांडलेल्या पद्धतीत थकवा टिकवून ठेवणारे सहा घटक तपासतात: आजाराचा अनुभव न पचणं, आजार उलटण्याची भीती, थकव्याबद्दलच्या चुकीच्या समजुती, झोपेची विस्कळित घडी, हालचालीची विस्कळित घडी, आणि आधाराची कमतरता. प्रत्येक रुग्णाला सहाही द्यायचे नसतात. ज्याची भीती मोठी आहे त्याच्या भीतीवर काम, ज्याची झोप विस्कटली आहे त्याच्या झोपेवर. 'थकवा आला म्हणजे गाठ परत आली' ही समजूत एकटीच माणसाला अंथरुणाला खिळवू शकते. माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या गटसत्रांचाही फायदा दिसतो.

आहाराबाबत थोडक्यात: दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंड बिघडलं असेल तर प्रथिनांचं प्रमाण आहारतज्ज्ञाने ठरवावं. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ती नुसती भूक नसण्याची गोष्ट राहत नाही, आहारतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवा.

औषधांचा मोह

मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल यांसारख्या उत्तेजक औषधांचे निकाल परस्परविरोधी आहेत. अमेरिकेतल्या आस्को या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही नेहमीच्या वापरासाठी त्यांची शिफारस नाही. नैराश्य नसताना नैराश्याची गोळी थकवा कमी करत नाही. एल-कार्निटिन आणि को-एन्झाइम क्यू-१० यांनीही फरक पडलेला नाही. अमेरिकन जिनसेंगचा रोज २,००० मिलिग्रॅमचा डोस आठ आठवड्यांत काहीसा उपयोगी ठरला होता, पण रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर त्याचा परिणाम होतो आणि बाजारातल्या मालात नेमकं काय असतं याची खात्री नसते, त्यामुळे तो स्वतःच्या मनाने कुणी घेऊ नये.

एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं हिमोग्लोबिन वाढवतात, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशाने किमो चालू असेल तेव्हा ती वापरत नाहीत.

सेवा टिकवायची कशी

एक व्यक्ती जबाबदार हवी, शक्यतो डे-केअरची सिस्टर, आणि तिच्या हातात तीन फोन नंबर: फिजिओ, समुपदेशक, आहारतज्ज्ञ. पहिली भेट ४५ मिनिटांची. तिथे कारणांची यादी, चालण्याची आणि खुर्चीवरून उठण्याची अशा दोन चाचण्या आणि पहिल्या दोन आठवड्यांचा लेखी डोस. सगळे उपाय एकाच दिवशी देऊ नका. थकलेल्या डोक्यात दोनपेक्षा जास्त गोष्टी राहत नाहीत. पहिल्या आठवड्यानंतर पाच मिनिटांचा फोन, कारण लोक सोडतात ते पहिल्या दहा दिवसांतच. दोन-तीन आठवड्यांनी उजळणी, १२ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप.

थकवा मोजायला नऊ प्रश्नांची ब्रीफ फटीग इन्व्हेंटरी किंवा १३ प्रश्नांची फॅसिट-एफ ही प्रश्नावली घ्या, दोन्ही नकोत. फॅसिट-एफ ० ते ५२ असते आणि तिच्यात जास्त गुण म्हणजे कमी थकवा. पहिलीत नेमकं उलटं. तक्ता भरणाऱ्याने गल्लत केली तर बिघडलेला रुग्ण सुधारलेला दिसतो. फॅसिट-एफमध्ये ३ ते ४ गुणांचा फरक रुग्णालाही जाणवण्याइतका धरतात. मोजमाप सायकलच्या त्याच दिवशी करा, नाहीतर दहाव्या दिवसाची एकविसाव्या दिवसाशी तुलना होते.

गळालेल्यांची नोंद ठेवा. सर्वांत थकलेले लोकच आधी यायचे बंद होतात, उरलेल्यांची सरासरी छान दिसते आणि सेवा यशस्वी झाल्याचा भास होतो. न येणाऱ्याला फोन करून विचारा: अंतर, वेळ, वेदना की लाज? बऱ्याच वेळा आठवड्याची सत्रं फोनवर घेतली की माणूस परत जोडला जातो.

सहा आठवडे नीट डोस घेऊनही आकडा हलला नाही, तर डोस वाढवण्याआधी कारणांची यादी पुन्हा वरून खाली तपासा. मधल्या काळात थायरॉइड उतरलेलं असतं, नवी गोळी सुरू झालेली असते किंवा आजार पुढे गेलेला असतो.

आजार पुढे गेल्यावर

आता उद्देश बदलतो. ३० मिनिटांचं लक्ष्य काढून टाका. नातवाशी बोलणं, बाल्कनीत बसणं, स्वतःच्या हाताने जेवणं, यातलं काय हवं ते रुग्णाला विचारा आणि त्याच्यासाठी शक्ती राखून ठेवा. चाकाची खुर्ची, पलंगाशेजारी कमोड, उंच केलेली बैठक या गोष्टी वेळेवर आणल्या तर उपयोग होतो. अनेकांना त्या म्हणजे हार वाटते. जे महत्त्वाचं त्याच्यासाठी दम वाचवायला त्या आहेत, असं सांगून द्या.

याच टप्प्यावर स्टेरॉइडला जागा आहे. २०१३ च्या एका अभ्यासात पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस दिल्यावर थकवा कमी झाला. नातलगांचा समारंभ, महत्त्वाची भेट अशा ठरावीक काळासाठी ते वापरता येतं. साखर, संसर्ग आणि रात्रीची झोप यांवर लक्ष ठेवा. आठवड्यांवर आठवडे चालू ठेवलं तर मांड्यांचे स्नायूच कमजोर होतात आणि रुग्णाला खुर्चीवरून उठता येत नाही. म्हणून सुरू करतानाच थांबवायची तारीख लिहा.

अगदी शेवटच्या दिवसांत आकडा विचारणं बंद करा, रक्त काढणं बंद करा, आता उपयोग नसलेल्या गोळ्या कमी करा. कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, वेदनेचं औषध वेळेवर देणं चालू राहतं. रुग्ण बहुतेक वेळ झोपून असेल, आणि त्याला उठवून खायला लावायची किंवा बसवायची गरज नाही, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या हातात लिहून द्या.